राजाच्या कपाळावरचा लेप

राजा नरसिंगरावाने आपलं नवं चित्र पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कपाळावर तीन आठ्या! डोळ्यांजवळ सुरकुत्यांचं जाळं! हा मी?"

"आरसा तरी दुसरं काय सांगतो, महाराज?" चितारी कोंडिबा बोलून गेला. झालं! बिचाऱ्याची रवानगी थेट कोठडीत.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी येसू दरबारात उभी राहिली. वडिलांचे रंग तीच खलायची. "बाबांना सोडा, महाराज. चूक त्यांच्या कुंचल्याची नाही."

"मग माझ्या चेहऱ्याची? ठीक! आठ दिवसांत यावर एकही सुरकुती उरता कामा नये. जमलं तर बाप सुटेल, नाहीतर जन्मभर आत!"

राजवैद्याने गुपचूप मान खाली घातली. त्याची सगळी तेलं केव्हाच हरली होती.

येसू दोन पावलं पुढे आली. "करते. रोज एक लेप लावीन. पण त्याची एक अट आहे. तो वाळेपर्यंत त्याला तडा जाता कामा नये. गेला, तर आठ दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून!"

"एवढंच? कबूल!"

येसूने मसुराची डाळ रात्रभर दुधात भिजवली, रंग खलावा तशी बारीक वाटली, त्यात साय आणि चिमूटभर आंबेहळद घातली आणि सकाळी बापाच्या रुंद कुंचल्याने राजाचं तोंड सारवून काढलं. लेप वाळत आला, तोच माहूत धावत आला. "महाराज, हत्ती उसात शिरला!"

"काय?" राजा गरजला. कपाळावर तडतड तीन तडे!

"पहिल्यापासून," येसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आचारी आमटी खारट झाल्याचं सांगत आला. तडा! तिसऱ्या दिवशी पागोट्याचा पीळ सुटला. तडा! येसू रडकुंडीला आली. राजाचा राग तिच्या बापाला आत डांबून ठेवत होता! राजालाही रोज डाळ थापून घ्यायचा कंटाळा आला. शेवटी तो शिकला. माहूत येवो, आचारी येवो, राजा ओठ न हलवता पुटपुटायचा, "असू दे. होतं असं."

दरबाराने सुटकेचा निःश्वास टाकला. असे सलग सात दिवस निभावले. आठव्या दिवशी लेप वाळायला दोन पळं उरली असतील नसतील, एवढ्यात राणीसाहेब आत आल्या आणि थबकल्या.

"अगंबाई! हे थालीपीठ कोणी थापलं? मधे भोकं तेवढी पाडायची राहिली!"

राजाने दम धरला, गाल फुगवले आणि खो खो हसत सुटला. लेपाला तडा! सात दिवस पाण्यात!

राजाने तोंड धुतलं, आरसा उचलला. मग कपाळावरून दोनदा हात फिरवला. "आठ्या गेल्या की!" पण लगेच त्याचा आवाज चढला. "डोळ्यांजवळच्या सुरकुत्या तशाच आहेत! आणि लेपालाही तडा गेला! आता गं?"

येसूने पदर खोचला. "त्याही घालवते, महाराज. फक्त हुकूम काढा, आठ दिवस तुम्हाला कोणी हसवायचं नाही. आणि राणीसाहेबांना तेवढे दिवस माहेरी धाडा!"

"आठ दिवस? हिच्याशिवाय?" राजाने राणीकडे पाहिलं, राणीने थालीपीठ थापल्यासारखे हात केले आणि राजा पुन्हा पोट धरून हसला. "राहू देत त्या सुरकुत्या! हरलो, पोरी! अरे, कोंडिबाला सोडा!"

त्याच दिवशी येसूच्या हातात सोन्याच्या पाटल्या चढल्या. कोंडिबाला नवं चित्र काढायचा हुकूम झाला. "कपाळ कोरं ठेव," राजाने बजावलं, "पण डोळ्यांजवळची एक रेघ जरी चुकवलीस तर याद राख!"

आणि राणीसाहेबांनी? त्यांनी कोणाला कळू न देता वाटीभर मसूर दुधात भिजत घातला.