डोळे उघडे ठेवून प्रार्थना करणारी धुरपी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक आई राहत होती, आणि तिला सगळ्याचीच धास्ती वाटे. विहिरीची, विंचवाची, मुलीच्या साध्या खोकल्याचीसुद्धा. पण सगळ्यांत मोठी धास्ती मुलीच्या संगतीची. मुलीचं नाव सलोमी. आई तांदूळ निवडावेत तशा तिच्या मैत्रिणी निवडायची, आणि तरी तिला वाटत राही, एखादा खडा राहिलाच असणार.

खडा होताच. धुरपी. शेळ्या राखणारी, विस्कटलेल्या झिपऱ्यांची, तोंडानं फटकळ. रविवारी ती चर्चच्या दारातच उभी राही आणि प्रार्थनेत डोळे मिटत नसे.

"अगं, देवासमोर तरी डोळे मीट," आईनं तिला एकदा हटकलं.

"मिटले असते मावशी. पण शेळ्या पाळकबाबांच्या मक्यात शिरल्या, तर तुम्हीच म्हणाल, धुरपीचं लक्ष नव्हतं."

एकदा शेळी खरंच चर्चच्या पाळकबाबांचा कोबी खाऊन आली. कुणाला पत्ता लागायच्या आत धुरपी त्यांच्या दारात हजर. "बाबा, तुमचा कोबी आमच्या शेळीनं खाल्ला. रागवायचं तर आत्ता रागवा, मला पाणी भरायचंय."

सलोमी हसून हसून लोळली. आई मात्र म्हणाली, "किती निलाजरी पोर! उद्यापासून तिच्याबरोबर जायचं नाही."

मग आईनं सलोमीला तीन चांगल्या मुलींच्या हवाली केलं. पांढरे फ्रॉक, घट्ट रिबिनी, आणि बायबलमधली वचनं अशी पाठ की झोपेतून उठवलं तरी म्हणतील. आईचा जीव भांड्यात पडला.

उपकारस्तुतीचा सण आला. त्या गावची रीत अशी की खालच्या वाडीतली पहिली सीताफळं एका टोपलीत भरायची आणि मुलींनी ती डोंगरावरच्या चर्चमध्ये न्यायची. टोपली वेदीजवळ ठेवली की एका मुलीनं स्तुतीगीत सुरू करायचं. यंदा तो मान सलोमीचा होता. आईनं तिच्या फ्रॉकला इतक्या वेळा इस्त्री केली की कापडच कंटाळलं असेल.

चौघी जणी टोपली घेऊन आल्या. पाळकबाबांनी वरचं फडकं उचललं. खाली नुसता पाला.

"वाटेत धुरपीच्या शेळ्या टोपलीवर तुटून पडल्या," सगळ्यांत उंच मुलगी म्हणाली. तिचा आवाज वचन म्हणावं तसा स्पष्ट होता.

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"माझ्या शेळ्या आज खुंटाला आहेत," धुरपी म्हणाली.

"खोटारडी! देवाची फळंही सोडली नाहीत! हिला पुन्हा पायरी चढू देऊ नका," कुणीतरी ओरडलं, आणि बरीच डोकी हलली.

तेवढ्यात आईची नजर सलोमीच्या बाहीवर गेली. इस्त्री केलेल्या पांढऱ्या झालरीत सीताफळाची एक काळी बी चिकटली होती.

पाळकबाबा हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. ज्यानं हे केलं, त्यानं हात वर करावा. माझ्याशिवाय कुणी बघणार नाही."

सगळ्यांनी डोळे मिटले. आईला मात्र धास्तीनं मिटवेनात. तिनं सलोमीचं मनगट घट्ट धरलं आणि पुटपुटली, "गप्प राहा. होऊन जाईल सगळं."

सलोमीचेही डोळे उघडे होते. ती दाराकडे बघत होती. दारात धुरपी उभी होती, नेहमीसारखी टक्क डोळ्यांनी. ती विनवत नव्हती, रडतही नव्हती.

सलोमीनं हात सोडवून घेतला आणि वर केला. "सगळे डोळे उघडा," ती मोठ्यानं म्हणाली. "सीताफळं मी खाल्ली. शेळ्यांनी नाही. रागवायचं तर आत्ता रागवा. माझ्याबरोबर कोण होतं ते मी सांगणार नाही. त्यांनाही तोंड आहे."

"बघा, बघा!" उंच मुलीची आई म्हणाली. "धुरपीच्या नादी लागून पोर बिघडली!"

सलोमीची आई उठली. "फळं खाल्ली ती मी निवडून दिलेल्या संगतीत, बाई. कबूल केली ती मी तोडलेल्या संगतीमुळं. आणि तिला गप्प राहा म्हणाले ती मी, तिची आई! तेव्हा नादी लागायचंच असेल, तर आजपासून मीही धुरपीच्याच नादी लागते."

त्या दिवशी सलोमीला गीत म्हणू दिलं नाही. इस्त्री वाया गेली. आई मुलीचा हात धरून दारात गेली आणि धुरपीच्या शेजारी उभी राहिली. पाळकबाबांनी प्रार्थना सुरू केली.

"मावशी, तुम्ही तरी मिटा डोळे," धुरपी कुजबुजली. "शेळ्या खुंटाला आहेत."

"थांब गं," आई म्हणाली. कारण खाली झुकलेल्या माथ्यांमधून घट्ट रिबिनीवाल्या उंच मुलीचा हात हळूहळू वर येत होता. तो पुरता वर आला, तेव्हा कुठं आईनं डोळे मिटले.

तात्पर्य: सोबत्याला किती वचनं पाठ आहेत ते मोजत बसू नये. ज्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी खरं बोलायचं बळ येतं, तो देवानं दिलेला सोबती समजावा. आणि सगळं गाव त्याला दाराबाहेर काढू पाहत असेल, तर आपणही दारात जाऊन त्याच्या शेजारी उभं राहावं.