बांधावरचे चार दिवे

त्या राज्यात बांधावरचे चार दिवे पाण्याची बातमी देत आणि बांधाखालचे उंदीर त्या बातमीवर जगत. बांधाच्या आतल्या पायऱ्या वस्तीतून दिसत नसत.

दिवे आपले आपण पेटत, आपले आपण मिटत. उजवीकडच्या धाकट्याची किंमत एक, त्याच्या शेजारच्याची दोन, पुढच्याची चार आणि डावीकडच्या थोरल्याची आठ. पेटलेल्यांची बेरीज करायची. पाणी तितक्या पायऱ्या चढलं असं समजायचं. चार आणि एक पेटले, बाकीचे मिटले, तर पाचवी पायरी. सगळे मिटले तर बांध कोरडा. सगळे पेटले तर पंधरावी, म्हणजे शेवटची. मग पिल्लं तोंडात धरून टेकडी गाठायची. बोटांवर मोजणाऱ्या पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटे. वस्तीतली पिल्लं डोळे उघडताच शिकत.

समोरच्या डोंगरावर नवं तख्त आलं. पहिल्याच संध्याकाळी त्याला बांधावर एकच ज्योत दिसली.

“तीन दिवे विझलेले? माझ्या राज्यात अंधार?”

“पाणी दुसऱ्या पायरीवर आहे, महाराज,” थोरला म्हणाला. “मी मिटतो तेव्हाही बोलतच असतो.”

“मिटून कोण बोलतं रे? उजेड पाड आणि गप्प बस.”

थोरला मिटलेलाच राहिला. सकाळी त्याच्या काचा बांधाखाली सापडल्या. त्याच्या जागी, मिटणं ज्याला माहीतच नाही असा दिवा बसवला गेला. उरलेल्या तिघांनी ते पाहिलं आणि संध्याकाळी तेही पेटले. धाकटा तर जरा जास्तच.

बांधाखाली चिमाक्का नावाची उंदरीण राहत असे. तिची पिल्लं अजून आंधळी होती. चारही ज्योती पाहताच तिने ती एकेक करून टेकडीवर नेली. वरून पाहिलं तर पाणी दुसऱ्याच पायरीवर. गारठ्याने एक पिल्लू गेलं.

पुढच्या संध्याकाळी दिवे तसेच. निम्मी वस्ती पळाली, निम्मी थांबली. मग पळणाऱ्यांची चेष्टा सुरू झाली.

“काय चिमाक्का, आज टेकडी नाही का?” शेजारचा रावजी बिळातून विचारी.

“आज दिवाळी आहे, भावोजी. उद्याही असेल.”

तख्ताचे भाट सांगत, एवढा उजेड या राज्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. ते खरंच होतं.

मग डोंगरापलीकडे पाऊस लागून राहिला. पाणी पायरीमागून पायरी चढलं आणि एका संध्याकाळी शेवटच्या पायरीला लागलं. आता काय सांगायचं हे दिव्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी पेटायचं. ते पेटलेलेच होते. धाकटा जिवाच्या आकांताने मोठा होऊ लागला.

“धाकटा आज भारीच खुशीत दिसतो,” रावजी म्हणाला.

“नवी वात मिळाली असेल,” चिमाक्का म्हणाली आणि हसली. तिने पिल्लांना पोटाशी घेऊन निजवलं, मग गवताची झडप ओढायला बिळाच्या तोंडाशी आली.

उंबरठ्याशी चार ज्योती हलत होत्या. उलट्या.