भात्यातले शिवणकरी आणि झोपलेला पहारा

एका राज्यात (कुठल्या ते विचारू नका, विचारलंत तर खोटंच सांगेन) डोंगराएवढे दोन भाते होते. ते हलत तेव्हा राजा सुकेतू श्वास घेई. भात्यांत शिवणकरी राहत. फाटलेले शिवत, म्हातारे झाले की गुपचूप मरत. गुणी माणसे, तुमच्या-आमच्यासारखी नव्हेत.

राजाला चिलमीचा नाद. एके दिवशी चिलमीतून धुराचा मांत्रिक उठला आणि एका शिवणकऱ्याला शाप देऊन गेला, "तू मरणार नाहीस, थांबणारही नाहीस." झालं. एकाचे दोन झाले, दोनांचे चार, आणि त्यांनी भातेच शिवून बंद करायला घेतले. राजाला दम पुरेना. "हत्ती" म्हणाला की "सोडा" म्हणायला संध्याकाळ. दरबारी खूश, शिव्याही अर्ध्याच मिळत. राणी मंजुघोषेला मात्र दिसत होते की राजाचे ओठ निळे पडत आहेत.

तिने पहाऱ्याचा नाईक हैबतराव याला धाडले. तो भाला रोखून भात्यात गेला. एका शापित शिवणकऱ्याने त्याचा खांदा थोपटला.

"अहो नाईक, आम्ही घरचेच."

हैबतराव उभ्या-उभ्या झोपला. मागून गेलेले शिपाईही तसेच. थापेची रीत राज्याचीच होती. पहारा चेकाळून घरच्यांनाच झोडू लागला की खांद्यावर थाप द्यायची, म्हणजे तो शांत होई. शापितांनी तीच उचलली.

राणीने बोलक्या साळुंकीला उपाय विचारला.

"तीन कामं आहेत. शापित टाक्याचा धागा आण, त्याच्या वासावरून पहारा शापितांना ओळखेल. भात्यातला केर खाणारा राक्षस फितला आहे, त्याला वळव. मग पहाऱ्याच्या खांद्यांवर लोखंड चढव. पण तसं केलंस तर घरचेही मार खातील."

"कोण कोण?"

"ते कळलं असतं तर मी पाखरू कशाला झाले असते?"

राणी भात्यात शिरली. धागा उपटला. राक्षस शापितांना जेवण वाढत बसला होता.

"बाबा, तुझं काम खायचं. वाढपी कधी झालास?"

"ते गोड बोलतात, बाईसाहेब."

"मी कडू बोलते. चल."

राक्षस निमूट निघाला. तिसऱ्या कामापाशी राणीचा हात अडला. तेवढ्यात वरून राजाची घरघर ऐकू आली. तिने हैबतरावाच्या खांद्यावर लोखंड चढवले आणि धागा नाकाशी धरला. नाईक जागा झाला. शिवणकऱ्याने थाप दिली, ती लोखंडावर वाजली.

"नाईक, आम्ही घरचेच..."

"घरचे वेळेवर मरतात," हैबतराव म्हणाला आणि भाला चालवला.

बाकीच्या शिपायांनाही राणीने लोखंड चढवले. शापित पडले, राक्षसाने ते गिळले, टाके उसवले, चिलमीत परतलेला मांत्रिकही विरून गेला. पण चेकाळलेल्या शिपायांनी आचाऱ्याला बदडले, द्वारपालाला बदडले आणि राणीचेही कोपर सुजवले. तिने एकेकाचे लोखंड उतरवून खांदे थोपटले, तेव्हा कुठे पहारा शांत झाला. धाग्याचा वास मात्र कुणी विसरला नाही.

राजा धावत आला.

"दुखतंय?"

"दुखतंय. तुम्ही श्वास घ्या."

राजाने घेतला, पुरता घेतला. गोष्ट इथे टेकली. ऐकणाऱ्यांनो, तुम्हीही घ्या, फुकट आहे तोवर.