बोटभर कमी पडलेली गोधडी

फार जुनी गोष्ट सांगतो. एक डोंगराळ राज्य होतं. तिथं थंडी अशी कडाक्याची की घरोघरी गोधड्या शिवल्या जायच्या. त्या राज्याची एक रीत होती. घरातल्या पहिल्या बाळाच्या गोधडीत मधोमध पणजीचं लुगडं घालायचं. पणजी नसली तरी तिची ऊब बाळाला मिळावी, एवढंच त्यामागचं कारण.

राजाच्या पदरी एक नमुनेकार होता. गोधडीचा नमुना तो लाकडी ठशात कोरायचा, कापडावर छापायचा आणि राजाच्या शिक्क्यानिशी गावोगाव पाठवायचा. बायका छापाबरहुकूम तुकडे कापायच्या.

एका गावात यसू राहायची. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. यसूची आई कधीच गेली होती आणि तिचं एकच लुगडं मागे उरलं होतं. यसूनं ते छातीशी धरलं, नव्या छापावर पसरलं आणि मधला चौकोन कापला. कडेच्या पट्ट्या जोडल्या. बघते तर काय, चौकोन चारी बाजूंनी बोटभर कमी!

तिनं उसवलं, पुन्हा शिवलं. तरी कमीच. ‘मेला माझाच हात वाईट! आईचं लुगडं नासलं मी,’ म्हणून ती ढसाढसा रडली.

शेजारची तानूमावशी धावत आली. तुकडा बघून म्हणाली, “अगं, तुझं काही चुकलं नाही. तो छापच चुकलाय. मधल्या चौकोनात शिवणीत जाणारं कापड नमुनेकारानं धरलंच नाही. आम्ही आपलं बोटभर वाढवून कापतो.”

यसूचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. “तुम्हाला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही, मावशी?”

“कोण लागणार मोठ्या माणसाच्या तोंडी!” मावशी पुटपुटली.

वा रे वा! आपलं कापड वाचलं, म्हणजे झालं? दुसरीचं जाईना का चुलीत!

यसू तडक राजधानी गाठून नमुनेकाराच्या दारात उभी राहिली. घरात नातवाच्या बारशाची गडबड होती. तिनं गोधडी त्याच्यापुढे पसरली.

“हात कच्चा आहे तुमचा,” तो म्हणाला. “ठशावर राजाचा शिक्का आहे.”

“मग हा छाप घ्या आणि माझ्यासमोर मोजा.”

नमुनेकारानं मोजलं नाही. इकडे तिकडे बघत तो हळूच म्हणाला, “मोजायला कशाला हवं? मला ठाऊक आहे. पण ठसा बदलला तर चारचौघांत माझी शोभा होईल. बायका घेतात आपापलं सांभाळून.”

ऐकलंत? ठाऊक होतं! आणि हा बाबा सुखानं छाप काढत बसला होता!

यसूचा आवाज चढला. “ठसा लाकडाचा आहे, नवा कोरता येईल. माझी आई मी कुठून कोरून आणू?”

नमुनेकार उत्तर देणार, तोच त्याची बायको आतून आली. तिच्या हातात जांभळ्या लुगड्याचा चौकोन होता.

“अहो, सासूबाईंचं लुगडं तुमच्या छापावरच ठेवून कापलं. घरचाच छाप, म्हणून दुसऱ्यांदा बघितलंही नाही. मग हे पुरत का नाही?”

नमुनेकारानं तो तुकडा हातात घेतला. त्याच्या आईचं ते शेवटचं लुगडं होतं. चूक त्यानं घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. तो लहान पोरासारखा रडला. यसूला त्याची दया आली, पण राग काही गेला नाही.

त्याच दिवशी त्यानं ठसा चुलीत घातला आणि स्वतः गावोगाव फिरून दवंडी दिली, “माझा छाप चुकला आहे, त्यावर कापड कापू नका!” लोक हसले नाहीत. बायकांनी एवढंच विचारलं, “आधी का नाही सांगितलंत?”

यसूच्या गोधडीत राहिलेली फट तानूमावशीनं आपल्या नव्या लुगड्याची पट्टी फाडून भरली. बाळ उबेत झोपलं. पण पणजीचं लुगडं तेवढं कमी पडलं ते पडलंच.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: चूक कुणाचीही होते, पण कळलेली चूक जो झाकून ठेवतो, पुढच्या प्रत्येक नुकसानाचा धनी तोच असतो.