चिंबुलीची आठवी वहाण

एक होती खाडी. खाडीच्या काठी होती चिंबुली. चिंबुली म्हणजे चिंबोरीचं पिल्लू. सुपारीएवढं अंग. दोन नांग्या. आठ पाय. आठ पायांत आठ लाल वहाणा.

एकदा चिंबुली होडीत बसायला निघाली. पहिल्यांदाच एकटी. होडीपाशी येऊन थांबली. आईनं सांगितलं होतं, होडी आपली आई. आईच्या अंगावर वहाण चढत नाही.

चिंबुलीनं वहाणा काढल्या. टप टप टप टप. टप टप टप टप. वाळूवर ओळीनं ठेवल्या. ओळ सरळ. डोळे ताठ.

तेवढ्यात आला बोकडराव. धप धप, धप धप. चारी पायांत नवे बूट. खाली बघायची सवय नाही. बूट लागला ओळीला. एक वहाण उडाली. डुबुक. तरंगत तरंगत गेली आणि मधल्या काळ्या खडकावर अडकली.

बोकडराव थांबला नाही. बुटांसकट होडीत चढला.

भरती लागली होती. पाणी चढत होतं. चुबुक चुबुक. खडक बुडाला की वहाण गेली. पाण्याला जोर. चिंबुली एवढीशी. पोहायला गेली तर वाहून जाईल.

उरलेल्या वहाणा तिनं पायांत घातल्या. आठवा पाय उघडा. वाळू तापलेली. चट चट.

चिंबुली म्हणाली,
"होडीबाय, होडीबाय, चल ना गो.
माझी वहाण खडकावर."

होडी म्हणाली, "मी नाही हलणार. अंगावर बूट चढलेत. आधी बूट उतरू दे."

होडी चालवणाऱ्या तांडेल आजोबांनी होडी रेटली. हुश्श हुश्श. होडी हलेना. आजोबा म्हणाले, "तिचं बरोबर आहे."

चिंबुली वळली. तुरुतुरु, तिरपी तिरपी.

"बोकडराव, बोकडराव, बूट काढा ना.
माझी वहाण खडकावर.
होडी म्हणते, बूट उतरू दे."

बोकडराव म्हणाला, "मी नाही काढणार. तू काढल्यास, तुझी हरवली. मी काढले नाहीत. माझे हरवले का? तूही ये तशीच. कोण बघतंय?"

चिंबुली म्हणाली, "वहाण गेली तर जाऊ दे. वहाणा घालून मी चढणार नाही."

बोकडरावानं दाढी हलवली. मग हळूच म्हणाला, "आता काढीन म्हटलं तरी निघत नाहीत. चढताना चारी नाड्या गुंतल्या. मोठी गाठ बसली. आधी गाठ सुटू दे."

गाठ होडीच्या काठावर बसली होती. लिंबाएवढी. ओली आणि घट्ट.

"गाठबाय, गाठबाय, सूट ना गो.
माझी वहाण खडकावर.
होडी म्हणते, बूट उतरू दे.
बोकड म्हणतो, गाठ सुटू दे."

गाठ म्हणाली, "मी नाही सुटणार. आजोबांनी ओढून पाहिलं. त्यांची बोटं जाड. मला बारीक काहीतरी हवं. उंदराचे दात बारीक. आधी उंदीर येऊ दे."

चिंबुली निघाली. तुरुतुरु, तिरपी तिरपी. पाणी चढलं. चुबुक चुबुक.

उंदीर जाळ्याच्या ढिगात लपला होता. नुसतं शेपूट दिसत होतं.

"उंदीरमामा, उंदीरमामा, चला ना.
माझी वहाण खडकावर.
होडी म्हणते, बूट उतरू दे.
बोकड म्हणतो, गाठ सुटू दे.
गाठ म्हणते, उंदीर येऊ दे."

उंदीर आतूनच म्हणाला, "मी नाही येणार. बाहेर कोण बसलंय बघ. आधी मांजर जाऊ दे."

बाहेर मांजर बसलं होतं. मिशा पुसत होतं.

"मनीमावशी, मनीमावशी, जा ना गो.
माझी वहाण खडकावर.
होडी म्हणते, बूट उतरू दे.
बोकड म्हणतो, गाठ सुटू दे.
गाठ म्हणते, उंदीर येऊ दे.
उंदीर म्हणतो, मांजर जाऊ दे."

मांजर म्हणालं, "मी नाही जाणार. उपाशी पोटी कोण उठतंय? आधी मासळी मिळू दे."

चिंबुली निघाली. तुरुतुरु, तिरपी तिरपी. उघडा पाय भाजला. चट चट. पाणी चढलं. चुबुक चुबुक.

धाकुबाय मासळीची टोपली घेऊन बसली होती. धाकुबाय म्हणजे तांडेल आजोबांची बायको.

"धाकुआजी, धाकुआजी, मासळी दे ना गो.
माझी वहाण खडकावर.
होडी म्हणते, बूट उतरू दे.
बोकड म्हणतो, गाठ सुटू दे.
गाठ म्हणते, उंदीर येऊ दे.
उंदीर म्हणतो, मांजर जाऊ दे.
मांजर म्हणतं, मासळी मिळू दे."

धाकुबायनं टोपली उलटी केली. आत काही नाही.

"कुठून देऊ, बाय? होडी गेली तर जाळं पडेल. जाळं पडलं तर मासळी येईल. आधी होडी हलू दे."

फिरून फिरून होडीच. चिंबुली मटकन खाली बसली.

धाकुबाय म्हणाली, "बसतेस काय? तू एवढीशी. तुझं कालवणसुद्धा व्हायचं नाही."

चिंबुलीचे डोळे ताठ झाले. "मी कालवणाची नाही. मी होडीत बसणारी आहे."

"मग ऊठ. गाठीला बारीक काहीतरी हवं ना? तुझी नांगी काय लोणच्याला ठेवलीस?"

चिंबुलीनं नांगी पाहिली. बारीक. टोकदार.

उठली आणि पळत सुटली. तुरुतुरु, तिरपी तिरपी. पाणी किती चढलं? खडकाचं नुसतं टोक दिसत होतं. टोकावर लाल वहाण.

बोकडराव ओरडला, "चढ लवकर. आता वहाणा काढत बसू नकोस. पाणी आलं."

चिंबुली थांबली. वहाणा काढल्या. टप टप टप टप. टप टप टप. जिथून एक गेली, तिथंच ओळीनं ठेवल्या. ओळ सरळ. डोळे ताठ.

मग होडीत चढली. गाठीत नांगी घातली. ओढलं. खट. ओढलं. खट. ओढलं. सुट.

गाठ सुटली.
नाड्या सुटल्या.
बूट उतरले.

बोकडराव बूट घेऊन खाली आला. कुठं ठेवावे? त्यानं खाली पाहिलं. चिंबुलीच्या वहाणांच्या मागे ठेवले. ओळीत. हळूच. मग अनवाणी वर चढला.

होडी हलली. सळसळ, सळसळ. आजोबांनी वल्हं मारलं. चुबळुक, चुबळुक. खडक जवळ आला. मोठी लाट आली. वहाण उचलली. गेली, गेली, गेली...

चिंबुलीनं नांगी लांब केली. पकडली.

जाळं पडलं.
मासळी आली.
होडी काठाला लागली. टोपली भरली.
धाकुबायनं मांजराला मासा टाकला.
मांजर मासा घेऊन गेलं.
उंदीर बाहेर आला.

उंदीर म्हणाला, "आलो. कुठं आहे गाठ?"

धाकुबाय म्हणाली, "ती सुटली कधीच. तू आता वहाणा राख."

उंदीर ओळीपाशी बसला. ऐटीत.

आणि चिंबुलीची आठवी वहाण? तिनं पायात घातली का? नाही. ती अजून होडीत होती. होडीत वहाण घालत नाहीत. तिनं ती नांगीत धरली. उंच. निशाणासारखी.

होडी म्हणाली, "ही माझी लेक."

चिंबुली खाली उतरली. वाळूवर आली. मग घातली. टप. आधी ही, मग बाकीच्या. टप टप टप टप. टप टप टप. आठही पायांनी घरी निघाली. तुरुतुरु. तिरपी तिरपी. पण मोठ्या ऐटीत.

तेव्हापासून त्या काठी कुणी आलं, तरी आधी वहाणा काढतं. पहिली जागा मोकळी ठेवतं. ती चिंबुलीची.

होडी चालली पाण्यात, वहाणा राहिल्या ओळीत.
ज्यानं गोष्ट ऐकली, त्यानं बसावं होडीत.
पण आधी वहाणा काढाव्यात.