टाळ्या पिटणारा पोपट

संगणक कपाटाएवढे जाड असत त्या काळी एका बालवाडीत डब्यातले चिंचोके मुलांना मोजायला शिकवत. मग देणगीत एक संगणक आला. त्यातल्या खेळात एक पोपट राहत होता. पडद्यावर तीन आंबे दिसले की मुलांनी तीनचं बटण दाबायचं. पण कुठलंही बटण दाबलं तरी पोपट पंखांनी टाळ्या पिटून ओरडे, "शाब्बास! हुशार बाळ!"

"अरे, त्या पोरीनं नऊ दाबलं!" डब्यातला म्हातारा चिंचोका करवादला.

"आजोबा, पोर रडली का? नाही ना? मग शिकली," पोपट म्हणाला. "तुमचं आपलं सारखं, चुकलं, पुन्हा मोज! कोण फिरकेल तुमच्याकडे?"

खरंच कोणी फिरकेना. बाईंनी ठरवूनच टाकलं, संगणक बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर मुलांनी मोजून दाखवलं की डबा कचऱ्यात टाकायचा. म्हातारा खूश झाला. आज पोपटाचं पितळ उघडं पडणार होतं!

देणगीदार साहेब आले. त्यांनी चिंचोके चटईवर ओतले आणि चिमुकल्या रेवाला म्हणाले, "यातले तीन दे बघू."

रेवानं म्हाताऱ्याला बटणासारखं बोटानं दाबलं आणि टाळ्यांची वाट बघत ती साहेबांकडे पाहत राहिली.

म्हातारा हसणार, एवढ्यात साहेबांनी टाळी वाजवली. मग बाईंनी, मग सगळ्या पाहुण्यांनी. "शाब्बास! हुशार बाळ!"

संध्याकाळी कचऱ्यात पडता पडता म्हातारा पुटपुटला, "मी उगाच पोपटावर चिडत होतो. त्याला पढवणारे तर खुर्च्यांवर बसले होते."