गुंजाळशेठचं सिलिकॉन

लैंगिक खेळणी विकणाऱ्या ऋजुताच्या छोट्या दुकानात घाऊक व्यापारी गुंजाळशेठ खोकी घेऊन आले. मालाला उग्र वास येत होता. कोपऱ्यात बसलेले तिचे सासरे दामोदरपंत रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ही जेली, म्हणजे अंगाला अपायकारक असं स्वस्त मऊ प्लास्टिक आहे, अशी शंका त्यांना आली. पण आपलंच चुकत असेल तर, म्हणून ते गप्प राहिले.

“शंभर टक्के सिलिकॉन! परदेशी प्रमाणपत्र आहे,” शेठ गरजले. “नाही घेतलंत, तर या शहरात तुम्हाला कोण माल देतो ते बघतो!”

“घेते की,” ऋजुता म्हणाली. “पण शेठ, हे बायकांच्या अंगात जाणार. आधी पाण्यात उकळून घ्या, असं मी प्रत्येकीला सांगते. अस्सल सिलिकॉनचा त्यानं केसही वाकडा होत नाही.” तिनं शेगडीवर पातेलं चढवलं. “यातलं एक पाच मिनिटं उकळू. त्याच पाण्याचा चहा तुम्ही घ्या, सगळा माल माझा!”

शेठनी पातेल्याकडे पाहिलं, मग खेळण्याकडे.

“आत्ताच चहा घेऊन आलो,” असं पुटपुटत ते खोकी आवरू लागले.

ते गेल्यावर दामोदरपंतांनी सुनेला चक्क हात जोडले. “सूनबाई, मला तर ते प्रमाणपत्र खरं वाटायला लागलं होतं!”